पाहुण्यांचा मुक्काम लांबतो तेव्हां

पूर्वीं लेक बाळंतपणासाठीं माहेरीं येत असे. आतां लेकीचें घरच सातासमुद्रांपलीकडे गेल्यामुळें माहेर विमानांत बसून लेकीकडे जातें. पुण्यामुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या आणि अलीकडे लहान गांवांतल्याही घरांतून कितीतरी आईबाप डिंकाचे लाडू आणि मेतकुटाच्या पुड्या बांधून न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्निया गांठतात. निघतांना परतीचा दिवस ठरलेला असतो. तिकीटही जाण्यायेण्याचें काढलेलें असतें. परंतु संसारांतल्या गोष्टी तिकिटावरच्या तारखा पाहून घडत नाहींत. बाळंतपण अवघड होतें, जांवयाची दुसऱ्या गांवीं बदली होते, एखादे वेळीं आजोबांच्याच छातींत दुखूं लागतें. मग एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर लेक म्हणते, "आई, आणखी दोन महिने राहा ना."

हा आग्रह प्रेमाचा असतो, आणि तो मानावा असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु परदेशांतला मुक्काम हा केवळ घरच्यांच्या मर्जीचा प्रश्न नसतो. त्यावर तीन निरनिराळ्या तारखांचा अंमल चालतो, आणि त्या तारखा तीन निरनिराळ्या हातांतून आलेल्या असतात. त्यांतली कोणती कशासाठीं, हें ठाऊक नसल्यामुळें सज्जन, कायदा पाळणारीं, आयुष्यांत कधीं कोर्टाची पायरी न चढलेलीं माणसें नकळत अपराधी ठरतात. अमेरिकेचें उदाहरण घेऊन हा विषय उलगडणें सोयीचें होईल. कारण मराठी घरांचा तिकडे मोठा राबता आहे, आणि गैरसमजही तिकडच्याच नियमांविषयीं पुष्कळ आहेत.

पहिली तारीख व्हिसावरची. मुंबईंत वांद्रे-कुर्ला संकुलांत अमेरिकेची वकिलात आहे. तेथें नातलगांच्या भेटीस जाणाऱ्यांना जो व्हिसा मिळतो त्याचें नांव बी-२. पुष्कळदां तो बी-१ आणि बी-२ असा जोडव्हिसा असतो. भारतीय नागरिकांस तो बहुधा दहा वर्षांच्या मुदतीचा आणि अनेक वेळां प्रवेश करतां येईल असा मिळतो. पासपोर्टांत चिकटवलेल्या त्या कागदावर दहा वर्षांपुढची तारीख दिसली कीं दहा वर्षें राहण्याचा परवानाच हातीं आला असें वाटूं लागतें. वस्तुतः व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाण्याची चिठ्ठी होय. या तारखेपर्यंत दारावर येऊन आंत येण्याची विनंती करतां येईल, एवढेंच ती सांगते. आंत गेल्यावर किती दिवस राहावयाचें, याविषयीं ती मौन धरते.

दुसरी तारीख त्या दारावरच्या अधिकाऱ्याची, आणि राहण्याची मुदत ठरते ती हिच्यावर. विमानांतून उतरल्यावर सीमाशुल्क व सीमारक्षण खात्याचा अधिकारी कागद पाहतो, दोनचार प्रश्न विचारतो आणि पाहुण्याला किती दिवस ठेवून घ्यावयाचें तें ठरवतो. बी-२ व्हिसावर येणाऱ्यांस साधारणतः सहा महिने मिळतात, पण कमीही मिळूं शकतात. याची नोंद आय-९४ नांवाच्या दाखल्यांत होते. पूर्वीं हा दाखला कागदी असे आणि पासपोर्टाला टांचलेला राही. त्यामुळें तारीख निदान डोळ्यांपुढें तरी असे. २०१३ सालापासून विमानानें येणाऱ्यांची ही नोंद संगणकांतच ठेवली जाते. जी वस्तु हातांत नाहीं ती मनांतूनही जाते, आणि पुष्कळ घोटाळे येथूनच सुरू होतात. ही नोंद त्या खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर नांव, जन्मतारीख व पासपोर्टाचा क्रमांक भरून विनामूल्य पाहतां येते. पहिल्या आठवड्यांतच ती छापून घ्यावी, आणि नांवांत किंवा तारखेंत चूक आढळल्यास लगेच दुरुस्त करून घ्यावी.

तिसरी तारीख तिकिटाची. ती प्रवासी आणि विमानकंपनी यांच्यांतल्या कराराची आहे. सरकारशीं तिचा संबंध नाहीं, आणि कंपनीलाही पाहुण्याच्या मुदतीशीं कर्तव्य नसतें. तरीदेखील घरांत सर्वांत अधिक चर्चा होते ती या तिसऱ्या तारखेचीच. कारण तिच्यासाठीं खिशांतून पैसे गेलेले असतात.

या तीन तारखांची गल्लत झाली तर काय होतें, तें एका कल्पित उदाहरणानें पाहतां येईल. समजा, एक आजीबाई १० मे रोजीं अमेरिकेंत उतरल्या. अधिकाऱ्यानें त्यांना ९ नोव्हेंबरपर्यंत राहण्याची मुभा दिली. परतीचें तिकीट २८ ऑक्टोबरचें आहे, आणि व्हिसाची मुदत संपण्यास अद्याप सहा वर्षें आहेत. सप्टेंबरांत लेकीची प्रसूति शस्त्रक्रियेनें झाली, बाळाला कांहीं दिवस इस्पितळांत ठेवावें लागलें, आणि आजींनीं जानेवारीच्या अखेरीपर्यंत राहावें असें ठरलें. जांवयानें विमानकंपनीला फोन करून तिकीट २५ जानेवारीचें करून घेतलें. कंपनीनें फरकाचे पैसे घेतले आणि नवें तिकीट पाठवलें. कोणीं कांहीं विचारलें नाहीं, तेव्हां सारें रीतसर झालें असें घरच्यांस वाटलें. ९ नोव्हेंबरचा दिवस नेहमीसारखा उगवला आणि मावळला. दारावर शिपाई आला नाहीं, टपालानें पत्र आलें नाहीं. २५ जानेवारीला आजी विमानांत बसल्या आणि सुखरूप घरीं पोहोंचल्या.

दोन वर्षांनीं दुसऱ्या नातवंडाच्या वेळीं त्या पुन्हां निघावयास लागल्या, तेव्हां खरा प्रकार उघडकीस आला. दिलेल्या मुदतीपेक्षां त्या ७७ दिवस अधिक राहिल्या होत्या, आणि त्यामुळें त्यांचा तो दहा वर्षांचा व्हिसा कायद्यानें केव्हांच रद्द झाला होता. अमेरिकेचा नियम या बाबतींत कडक आहे. मुदतीनंतर एक दिवस राहिलें तरी ज्या व्हिसावर प्रवेश केला तो रद्द ठरतो, आणि पुढें मायदेशींच नव्यानें अर्ज करून मुलाखत द्यावी लागते. त्या मुलाखतींत मागच्या मुक्कामाचा जाब विचारला जातो. याहून मोठी शिक्षाही आहे. १९९६ सालच्या कायद्याप्रमाणें बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून अधिक परंतु एका वर्षाहून कमी झाला, आणि मग माणूस देश सोडून गेला, तर तीन वर्षें प्रवेशबंदी येते. मुक्काम एक वर्षाचा किंवा त्याहून अधिक झाला तर ती दहा वर्षांची होते. सत्तरी गांठलेल्या माणसाला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हें उलगडून सांगण्याची गरज नाहीं. दोन महिन्यांच्या मायेपायीं पुढच्या सगळ्या भेटी गमावण्याचा तो व्यवहार होतो.

म्हणून सूत्र एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, आधीं परवानगीचें पाहावें आणि मग तिकिटाचें. नवा परतीचा दिवस ९ नोव्हेंबरच्या आंत पडत असेल तर सरकारकडे कांहींच मागावें लागत नाहीं. तिकीट तेवढें बदललें कीं काम झालें. २८ ऑक्टोबरऐवजीं ७ नोव्हेंबरला निघावयाचें असल्यास तो निव्वळ विमानकंपनीशीं बोलण्याचा विषय आहे. परंतु नवा दिवस आय-९४ च्या तारखेपलीकडे जात असेल, तर मुदतवाढीचा अर्ज करणें भाग आहे.

हा अर्ज आय-५३९ या नमुन्यांत नागरिकत्व व स्थलांतर सेवा खात्याकडे करावयाचा असतो. तो मुदत संपण्यापूर्वीं त्या खात्याकडे पोहोंचला पाहिजे, आणि निदान ४५ दिवस आधीं करावा असें खातेंच सांगतें. आजीबाईंच्या उदाहरणांत तो दिवस २५ सप्टेंबर हा येतो. १ एप्रिल २०२४ रोजीं लागू झालेल्या दरांप्रमाणें संगणकावरून केलेल्या अर्जास ४२० डॉलर आणि कागदी अर्जास ४७० डॉलर शुल्क ठरलें. हे दर मधूनमधून बदलत असल्यामुळें अर्जाच्या दिवशीं चालू दर पाहूनच पैसे भरावे. आजीआजोबा दोघेही एकाच प्रकारच्या व्हिसावर आलेले असतील तर एकाला मुख्य अर्जदार आणि दुसऱ्याला सहअर्जदार होतां येतें. मात्र दोघांच्या आय-९४ च्या तारखा वेगळ्या असूं शकतात, हें विसरूं नये.

अर्जासोबत काय जोडावें, यांत गूढ कांहीं नाहीं. आय-९४ ची प्रत, वाढीव मुदतभर चालूं राहणारा पासपोर्ट, खर्च कोण करणार याचा पुरावा आणि एक साधें निवेदन, एवढें पुरतें. त्या निवेदनांत तीन प्रश्नांचीं उत्तरें हवींत. अधिक राहण्याचें कारण काय, हा मुक्काम तात्पुरता कशावरून, आणि परत जाण्याची व्यवस्था काय केली आहे. कारण खरें असावें आणि त्याला आधार असावा. डॉक्टरांचें पत्र, इस्पितळाचा कागद, परतीच्या तिकिटाची प्रत, मायदेशीं असलेलें घर व निवृत्तिवेतन यांचे दाखले, यांनीं निवेदनाला वजन येतें. "करमत नाहीं म्हणून राहावें म्हणतों" एवढ्यावर परवानगी मागूं नये. एका अर्जानें सहा महिन्यांहून अधिक वाढ मिळत नाहीं, आणि आजीबाईंस हवी आहे ती अडीच महिन्यांचीच. तेव्हां लागेल तेवढीच मागावी.

अर्ज पोहोंचला कीं पावती येते. ती जिवापाड जपावी. निकालास बरेच महिने लागतात; कित्येकदां पाहुणे घरीं परतून गेले तरी निकाल आलेला नसतो. मग या मधल्या काळांत मुक्काम बेकायदा होतो काय? अर्ज मुदतीच्या आंत, खऱ्या कारणासाठीं केलेला असेल आणि पाहुण्यानें मध्यंतरीं पैशासाठीं कोणतेंही काम केलेलें नसेल, तर निकाल होईपर्यंत तो काळ बेकायदा मुक्कामांत मोजला जात नाहीं. निकालापूर्वीं पाहुणा देशाबाहेर गेला तर अर्ज सोडून दिला असें मानलें जातें, आणि त्यांत कांहीं वाईट नाहीं. पुढच्या प्रवेशाच्या वेळीं कोणीं विचारलेंच, तर मुदतींत अर्ज केला होता हें दाखवावयास ती पावती उपयोगी पडते.

मात्र अर्ज केला म्हणजे परवानगी मिळाली, असेंही समजूं नये. मूळ मुदत उलटल्यावर नकार आला, तर दुसऱ्या दिवसापासून बेकायदा मुक्काम मोजला जाऊं लागतो आणि व्हिसाही हातचा जाऊं शकतो. नकार आल्यावर सामान बांधून मिळेल त्या पहिल्या विमानानें निघणें हाच मार्ग उरतो. कॅनडाला एक फेरी मारून आलें कीं पुन्हां सहा महिने मिळतात, असा एक सल्ला घरोघर दिला जातो. तो भरवशाचा नव्हे. दरवर्षीं सहासहा महिने राहणाऱ्या पाहुण्याकडे दारावरचा अधिकारी संशयानें पाहूं लागतो, हेंही खरें आहे. पाहुण्याचें घर मायदेशीं आहे ही गोष्ट त्याच्या वागण्यावरून दिसली पाहिजे.

आतां तिकिटाकडे वळावें. तिकिटाचें हिरवें-निळें चोपडें कोटाच्या खिशांत ठेवून प्रवास करण्याचे दिवस गेले. १ जून २००८ पासून जगभरच्या विमानकंपन्यांच्या संघटनेनें कागदी तिकिटें देणें बंद केलें, आणि तिकीट हीदेखील आय-९४ प्रमाणें संगणकांतली एक नोंद झाली. त्या नोंदीमागें कराराच्या अटी असतात आणि त्या भाड्याभाड्याप्रमाणें बदलतात. जाण्यायेण्याचें तिकीट सर्वसाधारणपणें वर्षभर चालतें. पण स्वस्त भाड्याच्या कांहीं तिकिटांत मुक्कामाची कमाल मर्यादा तीन किंवा सहा महिन्यांची असते. ती उलटल्यावर तारीख बदलतां येत नाहीं, नवें तिकीटच घ्यावें लागतें. म्हणून तिकीट काढतांनाच "तारीख बदलल्यास काय पडेल आणि केव्हांपर्यंत बदलतां येईल" हे दोन प्रश्न विचारून ठेवावे.

तारीख बदलण्याचा खर्च दुहेरी असतो. एक बदलाचें शुल्क आणि दुसरा भाड्यांतला फरक. "बदल मोफत" असें जाहिरातींत लिहिलेलें असलें तरी तें पहिल्या शुल्कापुरतेंच असतें, फरक द्यावाच लागतो. नाताळच्या सुट्टींत भाडीं चढलेलीं असतात. परतीचा दिवस निवडण्याची मोकळीक असेल तर ती सुट्टी टाळून पुढचा दिवस धरल्यास पुष्कळ पैसे वांचतात. बदल मूळ विमान सुटण्यापूर्वीं झाला पाहिजे. न कळवितां विमान सोडून दिलें तर प्रवासी आलाच नाहीं अशी नोंद होते, आणि पुष्कळदां तिकिटाची सारी किंमत बुडते. तिकीट दलालाकडून घेतलें असेल तर बदलही बहुधा त्याच्याकडूनच करावा लागतो. कंपनीच्या खिडकीवरून प्रवाशाला परत त्याच्याकडेच पाठवतात. दोघांचें आरक्षण एकत्र असून आजोबांना ठरल्या दिवशीं परतावयाचें आणि आजींना राहावयाचें असेल, तर आधीं तें आरक्षण विभागून घ्यावें. नाहींतर एकाच्या बदलाबरोबर दुसऱ्याचेंही विमान बदलतें.

फोन ठेवल्यावर काम संपलें असें समजूं नये. कित्येकदां आरक्षणाची तारीख बदलते, पण तिकीट नव्यानें दिलें जात नाहीं, आणि ही गोष्ट विमानतळावर सामान तोलतांना कळते. नवें तिकीट हातीं आलें, प्रवासाचा प्रत्येक टप्पा त्यावर नीट जुळला आहे, हें डोळ्यांनीं पाहून घ्यावें. मुंबईहून पुढें नागपूरचें विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर तेंही बदलावें लागतें. चाकांची खुर्ची आणि शाकाहारी जेवण यांची मागणी नव्या विमानासाठीं पुन्हां नोंदवावी. नवें विमान दुसऱ्याच देशांतून जात असेल, तर तेथें उतरून विमान बदलण्यास वेगळी परवानगी लागते काय, हें आधीं विचारावें. आणि मुदतवाढीचा अर्ज पडून असेल तोंवर तारीख पुन्हां बदलतां येईल असेंच तिकीट जवळ असावें; नकार आला तर त्याची किंमत कळते.

मुक्काम लांबला कीं मागें ठेवलेल्या घराच्या तारखाही पुढें येऊन उभ्या राहतात. प्रवासाच्या विम्याची मुदत संपण्याआधींच ती वाढवून घ्यावी. संपल्यावर वाढत नाहीं, आणि अमेरिकेंत इस्पितळाची एक रात्रही सामान्य घराच्या कंबरड्यावर घाव घालते. रक्तदाब, मधुमेह यांचीं औषधें मोजून नेलेलीं असतात. तीं संपत आलीं कीं तेथील डॉक्टरांची चिठ्ठी लागते, म्हणून ही सोय महिनाभर आधीं करावी. सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस बहुधा नोव्हेंबर महिन्यांत हयातीचा दाखला द्यावा लागतो. आजीबाईंसारख्या पाहुण्यांचा नोव्हेंबर परदेशांतच जातो, आणि दाखला न पोहोंचल्यास निवृत्तिवेतन अडतें. त्यासाठीं २०१४ साली सुरू झालेल्या "जीवन प्रमाण" योजनेचा उपयोग होतो; २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही हा दाखला देतां येतो. तें न जमल्यास भारतीय वकिलातींतून तो घेतां येतो.

अमेरिकेचे हे नियम सर्व देशांना लागूं पडत नाहींत. इंग्लंडच्या साध्या भेटीच्या व्हिसावर एका खेपेस सहा महिने मिळतात, आणि थोडे अपवाद सोडले तर त्यापुढें मुदत वाढत नाहीं. तेथें तिकीट बदलण्याआधीं दिवस मोजणें एवढेंच हातीं असतें. कॅनडांतही साधारणतः सहा महिने मिळतात, परंतु मुदत संपण्याच्या निदान ३० दिवस आधीं अर्ज करून वाढ मागतां येते. युरोपांतील शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस हा हिशेब आहे, आणि आजारपणासारख्या अगतिक कारणाशिवाय त्यांत सवलत नाहीं. म्हणून शेजारच्या घरचे आजोबा कॅनडांत जसे राहिले तसेंच लंडनलाही चालेल, असा तर्क कोणीं लढवूं नये.

पूर्वीं पाहुण्याचा मुक्काम घरांतल्या धान्यावर आणि पावसापाण्यावर ठरत असे. आज तो संगणकांतल्या नोंदींवर ठरतो. त्या नोंदी डोळ्यांना दिसत नाहींत, म्हणून त्या दिसतील अशा करणें हेंच शहाणपण. पाहुणे घरीं पोहोंचले कीं पहिल्याच रविवारीं लेकीनें आय-९४ छापून घ्यावा आणि स्वयंपाकघरांतल्या दिनदर्शिकेवर त्या तारखेभोंवतीं लाल शाईनें वर्तुळ काढावें. त्याच्या ४५ दिवस आधीं दुसरें वर्तुळ काढावें. परतीच्या विमानाचा दिवस आणि विम्याचा शेवटचा दिवस तेथेंच लिहावा. मग एखाद्या रात्रीं "आई, आणखी राहा ना" असें म्हणावयाचें झालें, तर तें दुसऱ्या वर्तुळाच्या आधीं म्हणावें. त्यानंतर म्हणावेंसें वाटलें तर आईला वेळेवर निरोप द्यावा आणि पुढल्या वर्षीं पुन्हां बोलवावें. वेळेवर परतलेल्या आईला तें दार पुढच्या खेपेस उघडें सांपडतें.